मोबाईल तापला की चार्जिंग थांबतं, ते थांबू द्या

जिंतूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "आमचं घर पत्र्याचं आहे. एप्रिल लागल्यापासून दुपारी मोबाईल चार्जिंगला लावला की तापतो आणि 'तापमान जास्त आहे, चार्जिंग थांबवले' असा मेसेज येतो. मोबाईल दीड वर्षाचा आहे. कंपनीचा चार्जर हरवला म्हणून बाजारातून दीडशेचा घेतला, तोही तापतो. एका दुकानात दाखवला तर तो म्हणाला, तीनशे रुपयांत हा मेसेज कायमचा घालवून देतो. घालवू का? सासरे रात्री मोबाईल उशाखाली चार्जिंगला लावून झोपतात. फुटतो म्हणतात, ते खरं का?"

ताई, आधी त्या तीनशे रुपयांचं बोलू. ते देऊ नका आणि त्या माणसाला मोबाईल उघडू देऊ नका. तुमच्या बाकीच्या प्रश्नांत थोडं इकडे-तिकडे चालेल. इथे नाही.

मी परभणीत बावीस वर्षांपासून मोबाईल दुरुस्त करतो. दर उन्हाळ्यात काउंटरवर हीच तक्रार असते, "भाऊ, मोबाईल लई तापायलाय आन् चार्जिंगच घेईना." त्यातले निम्मे सेट बिघडलेले नसतातच. ते आपलं काम चोख करत असतात आणि गिऱ्हाइकाला तोच बिघाड वाटतो.

आत काय असतं ते सांगतो. बॅटरीच्या पट्टीतून बोर्डाला प्लस आणि मायनस तर जातातच, त्याशिवाय एक बारीक जोडणी असते. तिच्या टोकाला, बॅटरीवर किंवा तिच्या अगदी जवळ, मोहरीएवढा एक तुकडा बसवलेला असतो. त्याला थर्मिस्टर म्हणतात. तापमान वाढलं की त्याचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, कमी होतो. बऱ्याच सेटमध्ये तो २५ अंशांना १० किलोओहम असतो, तापला की खाली येत जातो. मोबाईल तो रोध सारखा मोजत असतो. बॅटरी ४५ अंशांच्या आसपास गेली की आधी चार्जिंगचा वेग कमी करतो, आणखी तापली तर बंदच करतो.

आता आमच्या धंद्यातली लाज सांगतो. काही जण तो थर्मिस्टर बाजूला काढून तिथे ठरावीक रोधाचा साधा रेझिस्टर लावतात. २५ अंशांना जेवढा रोध असायला हवा तेवढाच. मग मोबाईलला बारा महिने कोजागरीची रात्र वाटते. बॅटरी ५५ वर गेली तरी चार्जिंग सुरूच. मेसेज गेला, हे मात्र खरं. विहिरीवरच्या स्टार्टरचा रिले सारखा पडतो म्हणून त्यात काडी खोचून ठेवणारे शेतकरी तुम्ही पाहिले असतील. दोन दिवस मोटार झकास चालते, मग रिवायंडिंगला जाते. हा तोच प्रकार आहे. फरक एवढाच की मोटार विहिरीत जळते आणि मोबाईल उशाशी.

मग तुमचा सेट दुपारी थांबतो तरी का? लिथियम-आयन बॅटरी चार्ज होताना तिचं स्वतःचं तापमान ० ते ४५ अंशांच्या आत हवं. हवेचं नाही, बॅटरीचं. खालच्या टोकाची चिंता आपल्याला नको. जानेवारीत परभणीचा पारा पाच-सहावर आला की पेपरात शेकोटीचे फोटो येतात, पण शून्याखाली कोणी गेलेलं नाही. आपली अडचण वरच्या टोकाची. अनेक कंपन्या मोबाईल वापरण्यासाठी हवेचं तापमान ३५ पर्यंत असावं असं माहितीपत्रकात लिहितात. आपल्याकडे मे महिन्यात ३५ सकाळी चहा-पोह्यांच्या वेळीच होतात.

आता गणित बघा. ३३ वॅटचा फास्ट चार्जर लावला तर सगळे ३३ वॅट बॅटरीत साठत नाहीत. मोबाईलच्या आतल्या चार्जिंगच्या आयसीत आणि बॅटरीच्या अंतर्गत रोधात मिळून तीन-चार वॅट तरी उष्णता होऊन बाहेर पडतात. चारी बाजूंनी बंद काचेच्या पातळ डबीत एवढी उष्णता म्हणजे थोडी नव्हे. त्यामुळे चार्जिंगच्या वेळी बॅटरी आजूबाजूच्या हवेपेक्षा साधारण आठ-दहा अंशांनी जास्त तापते. हवा ३० असेल तर बॅटरी ४०, काही बिघडत नाही. पण पत्र्याच्या खोलीत दुपारी तीनला मी स्वतः ४३ मोजलेत. त्यात दहा मिळवा. मोबाईल थांबणार नाही तर काय करणार?

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: वेळ बदला. पहाटे पाच ते आठ हा आपल्याकडचा चार्जिंगचा मुहूर्त. तेव्हा जमलं नाही तर रात्री दहानंतर, पत्रा निवल्यावर. दुपारी लावायचाच असेल तर मोबाईल गादीवर, सोफ्यावर, पेपरच्या गठ्ठ्यावर ठेवू नका. शहाबादी फरशीवर ठेवा, कोरड्या. शहाबादी उष्णता ओढून घेते, हे दुपारी तिच्यावर आडवं होणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. जाड रबरी कव्हर काढा. पंखा लावा. आणि चार्जिंगला लावलेल्या मोबाईलवर पोरांना गेम खेळू देऊ नका. चार्जिंग सुरू असताना हात लावला की स्फोट होतो म्हणून नव्हे, तसं काही नसतं. पण गेममुळे प्रोसेसर तापतो, चार्जिंगमुळे बॅटरी तापते आणि दोघंही एकाच डबीत कोंडलेले असतात. हॉटस्पॉटचंही तेच. रेंज कमी असलेल्या गावात तर मोबाईल नुसता पडून असला तरी टॉवर गाठण्यासाठी जोर लावत राहतो आणि तापतो. चार्ज होईपर्यंत विमानाचं चिन्ह दाबून ठेवलं तरी बराच फरक पडतो.

दुसरा उपाय ऐकून लोकांना नवल वाटतं. उन्हाळ्यात जुना, हळू चार्जर वापरा, ५ व्होल्ट २ अँपिअरचा. रोधातून जाणारा करंट निम्मा झाला की तिथली उष्णता निम्मी होत नाही, एक चतुर्थांश होते. फास्ट चार्जर वाईट नाही. त्याच्याशी मोबाईल आधी बोलून ठरवतो की किती व्होल्ट, किती अँपिअर घ्यायचे, आणि बॅटरी भरत आली की स्वतःच वेग उतरवतो. पण पत्र्याखाली भर दुपारी त्या वेगाचा उपयोग काय, पाच मिनिटं पळतो आणि पंधरा मिनिटं दम खात थांबतो. हळू चार्जर न थांबता अडीच-तीन तासांत काम उरकतो.

फ्रिजमध्ये ठेवू नका. दर वर्षी दोन-चार सेट येतात त्या प्रयोगातून. गार झालेला मोबाईल बाहेर काढला की त्याच्या आत-बाहेर दव धरतं, थंड पाण्याच्या तांब्याला धरतं तसं, आणि ते बोर्डावर बसतं. ओल्या फडक्यात गुंडाळणंही नको. तापलेला मोबाईल सावलीत फरशीवर दहा मिनिटं पडू द्या, बास.

आता तुमच्या दीडशेच्या चार्जरकडे येतो. तो तापतो म्हणता, पण कुठे तापतो ते लिहिलं नाही. मी गिऱ्हाइकाला नेहमी तेच विचारतो. बोट ठेवून सांगा, कुठं तापायलंय? मोबाईलची अख्खी पाठ सारखी कोमट असेल तर ते चालायचं. पण खालच्या बाजूला, पिन घालतो तिथेच चटका बसत असेल तर वेगळी गोष्ट. तिथे कॉन्टॅक्ट लूज आहे किंवा आत कचरा आहे. दिवाळीनंतर कापूस निघतो तेव्हा मानवत, सेलूकडून असे सेट हमखास येतात. जिनिंगवर काम करणारा एक पोरगा आला होता, चार्जिंग पिन चार महिन्यांत तिसऱ्यांदा जळाली म्हणून. भिंगाखाली बघितलं तर जॅकच्या तळाशी कापसाची चांगली गादी झालेली. पिन पूर्ण आत जातच नव्हती. टोकाटोकाने करंट जायचा, तिथे रोध वाढायचा, प्लॅस्टिक वितळायचं. पहिल्या दोन वेळी दुरुस्त करणाऱ्याने नवा जॅक टाकून दिला, पण खिशातल्या कापसाचं कुणी विचारलं नाही. मोबाईल बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने तो कचरा काढता येतो. टाचणी, सेफ्टी पिन वापरू नका. आतल्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात. घामाने ओला झालेला मोबाईल तसाच लावू नका, मिठाचं पाणी त्या पट्ट्या खातं.

चार्जरचा ठोकळा तापतो का ते बघताना मी पाठीवर हात ठेवून दहा मोजतो. हात ठेवता आला तर ठीक. काही फास्ट चार्जरची रचनाच अशी असते की उष्णता मोबाईलऐवजी ठोकळ्यात राहावी, त्यामुळे तो कोमट लागला तर घाबरू नका. दहा मोजेपर्यंत हात काढावा लागला, जळका वास आला, किंवा आत चर्र असा आवाज आला तर तो चार्जर संपला समजा.

आणि बोट चार्जरच्याही मागे न्या, भिंतीवरच्या बोर्डापर्यंत. सॉकेट ढिलं आहे, पिन लोंबकळते, म्हणून कागदाची घडी खोचून चार्जर बसवलाय, हे चित्र आपल्याकडे घरोघरी दिसतं. सॉकेटभोवती पिवळट-काळा डाग असेल तर तिथे स्पार्किंग होतंय. माझ्या पाहण्यात मोबाईलच्या नावावर खपलेल्या आगींत अशा बोर्डांचा वाटा बॅटरीपेक्षा जास्त होता. सॉकेट बदलायला पन्नास-शंभर रुपये लागतात.

दीडशेच्या चार्जरला मी नुसत्या किमतीवरून नावं ठेवणार नाही. पण फोडून बघितले आहेत शेकड्याने. चांगल्या चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि मोबाईलकडची ५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये बोर्डावर पाच-सहा मिलिमीटरची मोकळी खिंड ठेवलेली असते. ट्रान्सफॉर्मरवर पिवळ्या टेपचे थर असतात. दोन बाजूंना जोडणारा एकच निळसर कपॅसिटर असतो आणि तोही खास सुरक्षेचा, खराब झाला तरी शॉर्ट न होणारा. हलक्या चार्जरमध्ये खिंड एक-दीड मिलिमीटर, टेप नावाला, आणि त्या कपॅसिटरच्या जागी दोन रुपयांचा साधा. तो शॉर्ट झाला की भिंतीतला करंट केबलमधून थेट मोबाईलच्या धातूच्या कडेला येतो. चार्जिंगला लावून कानात वायरवाले हेडफोन घालू नका असं मी म्हणतो ते यासाठी. चांगल्या चार्जरवरही कधी धातूच्या कडेला हात फिरवला की हलक्या झिणझिण्या लागतात. ती त्या कपॅसिटरमधून येणारी अगदी थोडी गळती असते, तिने काही होत नाही. पण झटका बसला तर चार्जर कचऱ्यात.

घेताना एवढं बघा. ठोकळ्यावर बारीक अक्षरांत बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, चिन्ह आणि 'आर-' पुढे आठ आकडे असतात. मोबाईल चार्जरना भारतात ही नोंदणी सक्तीची आहे. चिन्ह काय, कुणीही छापतो. म्हणून 'बीआयएस केअर' नावाचं सरकारी अ‍ॅप घ्या, त्यात तो आर-क्रमांक टाका. कंपनीचं नाव, वस्तूचं नाव आणि नोंदणी चालू आहे का, सगळं येतं. तुमच्या ठोकळ्यावरची कंपनी एक आणि अ‍ॅपमध्ये दुसरीच निघाली तर दुकानदाराला परत करा. हे तपासणं मोंढ्यात ज्वारीची मूठ हातावर घेऊन बघण्याइतकंच सोपं आहे, पण करत कुणी नाही.

आता आपल्याकडची खरी भानगड: लाइट. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. व्होल्टेज उतरून १५० झालं, बल्ब निखाऱ्यासारखा लाल दिसायला लागला, तरी चार्जर बिचारा निभावून नेतो. त्याला मारतं ते चढलेलं व्होल्टेज. डीपीवर न्यूट्रल तुटला की दोन फेजमधले ४०० व्होल्ट दोन घरांमध्ये वाटले जातात, आणि ते समान वाटले जात नाहीत. ज्या घरात कूलर, फ्रिज चालू आहे तिथे कमी येतात आणि ज्या घरात फक्त एक बल्ब आणि एक चार्जर आहे तिथे तीनशेच्या वर जातात. म्हणजे गरिबाचं घर आधी जळतं. चार्जरच्या आतला मोठा कपॅसिटर साधारण ४०० व्होल्ट डीसीचा असतो. २३० व्होल्ट एसीचं शिखर सव्वातीनशे डीसीपर्यंत जातं, तेवढं तो धरतो. ३०० एसी आले की शिखर सव्वाचारशेला पोचतं आणि फट्‌ असा आवाज होतो. बल्ब एकदम पांढरा फटफटीत झाला, पंखा सुसाट फिरायला लागला, तर चार्जर उपटत बसू नका. आधी मेन स्विच पाडा.

शेतावर तर याहून भारी प्रकार चालतो. रात्रीच्या पाळीला पाणी द्यायला गेलेला माणूस मोबाईल चार्ज करण्यासाठी स्टार्टरच्या पेटीतून दोन वायरी काढतो. त्या दोन्ही फेजच्या निघाल्या की चार्जरला थेट ४०० व्होल्ट मिळतात. गंगाखेडकडच्या एका पाव्हण्याने एका हंगामात असे पाच चार्जर उडवले आणि पाचही वेळा चार्जर बनवणाऱ्याला शिव्या घातल्या. त्यात मोटार बंद करतानाचा व्होल्टेजचा धक्का वेगळाच. शेतावर पॉवर बँक घेऊन जा, तोच राजमार्ग. ऊसतोडीला जाणाऱ्या मंडळींनाही मी हेच सांगतो, कारण कोपीवर ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायरी गुंडाळून दहा मोबाईल लागतात तेव्हा त्या जोडाला फ्यूज नसतो. पॉवर बँक घेताना एक ध्यानात ठेवा: १०,००० एमएएच लिहिलेलं असलं तरी ते आतल्या ३.७ व्होल्टचे असतात, मोबाईलला प्रत्यक्ष मिळतात सहा हजारांच्या आसपास. दुकानदार फसवत नाही, हिशोबच तसा आहे.

सासऱ्यांचं बघू. रात्रभर लावून ठेवल्याने बॅटरी जास्त भरून फुटते हा समज जुना आहे आणि आता चुकीचा आहे. भरली की मोबाईल स्वतः घेणं थांबवतो. अडचण उशीची आहे. उशीखाली, वर गोधडी, वाऱ्याला वाट नाही. आत साठलेली उष्णता जाणार कुठे? आपल्या आज्या-पणज्यांनी सात-आठ जुन्या लुगड्यांचे थर शिवून गोधडी केली ती ऊब धरून ठेवण्यासाठीच. आणि झोपेत केबल मुडपते, पिनजवळ तुटते, ते वेगळंच. म्हाताऱ्या माणसाला 'मोबाईल लांब ठेवा' म्हटलं तर ऐकत नाहीत, कारण पहाटेचा गजर आणि पोराचा फोन त्यावर येतो. माझ्या वडिलांसाठी मी भिंतीतल्या देवळीत चार्जिंगची सोय केली. हात लांबवला की मोबाईल हाताला येतो, आणि तिथे दगड-मातीशिवाय पेटण्यासारखं काही नाही. तुमच्या घरात देवळी नसेल तर उशापासून हातभर लांब, फरशीवर एक स्टीलची परात पालथी घाला आणि तिच्यावर ठेवा.

आणखी एक गोष्ट वर्षभराने कळते. भरलेली बॅटरी उकाड्यात नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते. ढोबळमानाने, शंभर टक्के भरलेली बॅटरी ४० अंशांत वर्षभर राहिली तर तिची ताकद दोन-तृतीयांशावर येते. तीच निम्मी भरलेली असेल तर बरीच जास्त टिकते. म्हणून उन्हाळ्यात ऐंशीपर्यंत भरा आणि काढा. नव्या सेटमध्ये ही मर्यादा लावायची सोय सेटिंगमध्येच असते.

फुटतो का? फुटतो, पण उन्हाने नव्हे. आतली रचना बघा: दोन पट्ट्या, मध्ये कागदासारखा पातळ प्लॅस्टिकचा पडदा, आणि पेटणारा द्रव. ८०-९० अंशांच्या पुढे आतल्या थरांची मोडतोड सुरू होते, १३० च्या आसपास पडदा वितळतो, दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि मग ते आपल्या आवाक्यात राहत नाही. परभणीचं ऊन कितीही जहाल असलं तरी घरात ठेवलेली बॅटरी ऐंशीला जात नाही. मात्र बंद गाडीच्या काचेखाली, डॅशबोर्डवर सोडलेला मोबाईल सत्तरपर्यंत तापू शकतो, तिथे खेळू नका. बाकी वेळी आग लागते ती आतल्या दोषाने. २०१६ साली सॅमसंगला गॅलक्सी नोट ७ जगभरातून परत मागवावा लागला, तेव्हा तपासात बॅटरीच्या आतच दोष सापडले होते; एका प्रकारात कोपऱ्यात वाकलेल्या पट्ट्या, दुसऱ्यात वेल्डिंगचे कंगोरे. आपल्याकडे तेच काम करतात खाली पडून चेपलेला सेट, खिशात वाकलेला सेट आणि डुप्लिकेट बॅटरी. गंमत म्हणजे ही बॅटरी सुरक्षित म्हणूनच जन्माला आली. अकिरा योशिनो यांनी त्यात शुद्ध लिथियमच्या जागी कार्बन वापरला आणि खात्रीसाठी तिच्यावर लोखंडाचा जड तुकडा टाकून बघितला; काही झालं नाही. जुन्या प्रकारच्या बॅटरीचा त्याच चाचणीत स्फोट झाला. त्यांना आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना २०१९ चं नोबेल मिळालं त्यामागे हाही भाग होता.

फुगलेली बॅटरी ओळखायची सोपी रीत: मोबाईल सपाट फरशीवर उताणा ठेवा आणि टिचकीने फिरवा. भोवऱ्यासारखा गरगरला तर पाठ फुगली आहे. मागचं झाकण उचलणं, डिस्प्लेच्या कडेने फट दिसणं, हीसुद्धा तीच खूण. आत द्रव कुजून वायू साठलेला असतो. असा मोबाईल बंद करा, चार्जिंगला परत लावू नका, दाबून झाकण बसवू नका. टाचणीने हवा काढणारे महाभाग मी पाहिलेत.

एकदा मीच मूर्खपणा केला. गिऱ्हाईक घाई करत होतं, बॅटरी गोंदाने घट्ट चिकटलेली, आणि प्लॅस्टिकची पट्टी सापडेना म्हणून मी लोखंडी पातं घातलं. पात्याचं टोक आत गेलं. आधी गोडसर वास आला, मग फुस्स करून पांढरा धूर, मग ज्वाळा. टेबलाखाली वाळूची बादली ठेवलेली होती म्हणून दुकान वाचलं. भुवई अर्धी गेली आणि दोन दिवस घसा धरला होता, कारण त्या धुरात फ्लोरिनची आम्लं असतात. तेव्हापासून बॅटरी काढण्याआधी ती पंचवीस टक्क्यांच्या खाली उतरवतो. भरलेलीत दम जास्त असतो.

घरी असं झालं तर आधी बोर्डाचं बटण किंवा मेन बंद करा, मगच जवळ जा. खोली मोकळी करा, खिडक्या उघडा, धूर हुंगू नका. लाइट बंद असल्याची खात्री झाल्यावर लांबून भरपूर पाणी ओता. लोक म्हणतात लिथियमवर पाणी टाकू नये; मोबाईलच्या बॅटरीत शुद्ध लिथियमचा गोळा नसतो, आणि तिला गार करणं हेच काम असतं. वाळूने ज्वाळा दबतात, फरशी वाचते, पण उष्णता आत तशीच राहते, शिवाय बॅटरीतली पट्टी तापली की स्वतःच ऑक्सिजन सोडते. विझली असं वाटलं तरी तासभर हात लावू नका, परत पेटते. मेलेली बॅटरी उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका. सर्व्हिस सेंटरवर द्या. २०२२ च्या नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे.

कूलरबद्दल दोन शब्द, कारण उन्हाळ्यात मोबाईल गार करायला लोक चार्जिंगसकट कूलरच्या जाळीवर ठेवतात. पत्र्याच्या कूलरची बॉडी पाण्याने ओली असते आणि तिच्यात करंट उतरणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. एका हाताने चार्जिंगचा मोबाईल आणि दुसऱ्याने कूलर, असं कधीच करू नका. जमलं तर मेनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइट तोडणारा स्विच, बसवून घ्या, घरातल्या सगळ्यांसाठी. आणि वळवाचा पाऊस येतो, वीज कडाडते, तेव्हा चार्जर भिंतीतून काढा. मोबाईल वीज ओढून घेत नाही, पण तारेवर पडलेली वीज चार्जरमार्गे आत येते. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. त्यासाठी मोबाईल आधीच भरून ठेवलेला हवा, ढग आल्यावर लावलेला नव्हे.

आता त्या दुकानातल्या माणसाने मोबाईल आधीच उघडला असेल, किंवा तुम्ही तो जुना विकत घेतला असेल, तर एक तपासणी करा. बॅटरीचं तापमान दाखवणारं कुठलंही फुकट अ‍ॅप टाका. पहाटे एकदा आकडा बघा, दुपारी चार्जिंगला लावून अर्ध्या तासाने परत बघा. पहाटे २७ आणि दुपारी ४४ दिसले तर तुमचा राखणदार थर्मिस्टर जागा आहे. दोन्ही वेळा २५ म्हणजे २५च दिसले तर कुणीतरी त्याच्या जागी काडी खोचली आहे, म्हणजे साधा रेझिस्टर लावला आहे. तसं असेल तर चार्जिंगला लावू नका, आहे तसाच घेऊन या; चांगली बॅटरी थर्मिस्टरसकट बसवायला अर्धा तास लागतो.